स्वस्त देशातले खरेदीसाहेब

सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, हिवाळा ओसरून उन्हाला धार येऊ लागली असता, मायदेशापासून पुष्कळ दूरच्या एका बंदराच्या गावी, बाजारापासून वर चढत जाणाऱ्या दगडी गल्लीतील पिवळ्या दुमजली घराच्या माडीवर, एके दिवशी सकाळच्या चहाच्या वेळी, खरेदीसाहेबांना त्यांच्या पत्नीकडून असे कळले की, गेले वर्षभर ते या गल्लीत भिकारी म्हणून राहत आहेत.

या वार्तेचे मर्म ध्यानी यावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे. पाण्याचे पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते खरेदी विभागाचे प्रमुख होते, आणि शिपायापासून मालकापर्यंत सगळे त्यांना खरेदीसाहेबच म्हणत. बोल्ट, बेअरिंग, रबरी वायसर, रंगाचे डबे, पॅकिंगची खोकी, जे जे म्हणून कारखान्याच्या फाटकातून आत येई ते ते आधी त्यांच्या जिभेखालून येई. आयुष्यात कोणत्याही वस्तूची सांगितलेली किंमत त्यांनी दिलेली नव्हती. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांशी, भूल पुरती चढेपर्यंत, ते फीविषयी बोलत होते असे त्यांची पत्नी सांगे; आणि ती अतिशयोक्ती करणाऱ्यांतली नव्हती. तिला सारा गोतावळा ताई म्हणे, तेव्हा आपणही ताईच म्हणू.

साहेबांच्या घासाघिशीला शास्त्र होते. किंमत ऐकली की ते प्रथम मौन धरीत. मग छताकडे पाहत एक सुस्कारा सोडीत, तो असा की घरात कोणी अंथरुणाला खिळले असावे असे ऐकणाऱ्याला वाटावे. त्यानंतर पँटचा डावा खिसा ओढून बाहेर काढीत आणि तो रिकामा लोंबता खिसा समोरच्याला दाखवीत. खिसा रिकामा असे यात नवल नव्हते, कारण पाकीट उजव्या खिशात असे. आणि ते उजव्या खिशात असते हे बाजारातल्या प्रत्येक पुरवठादाराला ठाऊक होते. मग पुरवठादार आपल्या बसलेल्या धंद्याचे आणि बायकोच्या दुखण्याचे रडगाणे लावी. त्या बायकोला आदल्याच दिवशी साहेबांनी भाजीबाजारात पिशव्या उचलून तरातरा जाताना पाहिलेले असे. दोघेही मनसोक्त खोटे बोलत, दोघांनाही ते खोटे असल्याचे पुरते ठाऊक असे, आणि ज्या आकड्यावर यायचे हे दोघांनी मनात आधीच ठरवलेले असे त्याच आकड्यावर येऊन दोघे समाधानाने चहा पीत. निरोपसमारंभात बेअरिंगवाला हुंदके देत म्हणाला होता, “साहेब, आता आम्ही भांडायचं कोणाशी?” साहेबांच्या मते नोकरीत मिळालेले हेच खरे प्रशस्तिपत्र.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, पेन्शन आहे तिथेच उभी आहे आणि महागाई मात्र जिना चढते आहे. तेव्हा त्यांनी जगाचा नकाशा निविदा वाचाव्यात तसा वाचला. कुठे भाडे किती, कुठे औषधे किती, कुठे अंडी किती, हे सारे पडताळून सर्वांत कमी दराचा देश त्यांनी मंजूर केला.

“भाऊजी,” ताईंचा धाकटा भाऊ म्हणाला, “सेलमध्ये शर्ट आणतात. देश नाही आणत.”

“तू बघच. तुझी ताई तिथे राणीसारखी राहील.”

“राणीला भाजी निवडायला कोण येणार? मी नाही येत.”

हा मेव्हणा विम्याच्या धंद्यात गब्बर झालेला, दोन्ही हातांत अंगठ्या घालणारा आणि भाऊजींची चेष्टा करण्याची एकही संधी वाया न दवडणारा गृहस्थ होता. जाण्याच्या सगळ्या योजनेला ताईंनी हो म्हटले ते मात्र एका अटीवर.

“एक वर्ष,” त्या म्हणाल्या. “वर्ष झालं की मी सांगेन, राहायचं की परत यायचं. आणि त्या उत्तरावर घासाघीस चालणार नाही.”

साहेबांनी मान डोलावली. मायदेशीचा फ्लॅट भाड्याने देऊन त्याची देखरेख मेव्हण्याकडे सोपवली. भाडेकरूचा करार वर्षाचाच होता. वर्षअखेरीस मेव्हणा स्वतः येऊन ताईंचे उत्तर घेणार आणि त्याप्रमाणे भाडेकरूला ठेवणार किंवा काढणार, असे ठरले.

परक्या देशात साहेबांनी पहिल्यांदा शिकून घेतले ते आकडे. त्याखेरीज ‘फार’, ‘नको’ आणि ‘आभारी आहे’ एवढे तीन शब्द. व्यवहाराला याहून अधिक भाषेची गरज नाही, असे त्यांचे मत होते. ताईंची गोष्ट वेगळी. त्यांचे सारे आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले होते. कानाला हेडफोन लावून बसलेली ती बाई माणसाच्या आवाजावरून त्याचे गाव ओळखी. माडीच्या सज्जात खुर्ची टाकून, खाली चाललेली बोलणी ऐकत ऐकत, चार-सहा महिन्यांत त्या ती भाषा समजू लागल्या आणि पुढे बोलूही लागल्या.

पहिला व्यवहार घरमालकिणीशी झाला. ती तळमजल्यावर राहणारी, जाड चष्म्याची, ताठ पाठीची विधवा होती. तिने भाड्याचा आकडा सांगितला. साहेबांनी मौन धरले, छताकडे पाहिले, सुस्कारा सोडला आणि डावा खिसा बाहेर काढला. नेमक्या त्याच क्षणी जिना चढून दमलेल्या ताई भिंतीला टेकल्या. घरमालकिणीने खिशाकडे पाहिले, ताईंकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि सांगितलेल्या भाड्याच्या बरोबर निम्मा आकडा उच्चारला.

साहेब क्षणभर गोंधळले. त्यांना दहा-पंधरा टक्क्यांची अपेक्षा होती. “कच्चे लोक आहेत गं,” ते रात्रीच्या जेवणाला ताईंना म्हणाले. “प्रतिकार असा नाहीच.”

भाजीच्या दुकानात तेच झाले. न्हाव्याकडे तर कहर झाला. खिसा पाहताच त्याने पैसे घ्यायचेच नाकारले आणि वर मानेला पावडर लावून दिली. थोड्याच दिवसांत साहेबांना खिसा काढण्याचीही गरज उरेना. ते दुकानाच्या पायरीवर दिसले की भाव आपोआप उतरत. पुढे पुढे जिन्याच्या तळाशी बटाट्यांची थैली सापडू लागली. एकदा दाराच्या कडीला जाड लोकरीचा कोट अडकवलेला होता. साहेबांनी या सगळ्याचा अर्थ असा लावला की, मोठ्या गिऱ्हाइकाला व्यापारी लोक दिवाळखोरीच्या सीमेपर्यंत खूश ठेवतात, ही पद्धत जगभर सारखीच असावी. मेव्हण्याला ते फोनवर म्हणाले, “अरे, इथे किंमत मी सांगतो आणि ते हो म्हणतात. राजासारखा राहतोय, राजासारखा!”

आणि आता वर्ष भरत आले असता ताई रिकामी पिशवी घेऊनच बाजारातून परतल्या होत्या.

“इकडे या. बसा.”

“बसलोच आहे की.”

“नीट बसा. आणि तो कप खाली ठेवा, सांडाल.”

साहेबांनी कप खाली ठेवला.

“मी आत्ता भाजीच्या दुकानात मागच्या बाजूला उभी होते. भाजीवालीला मी दिसले नाही. नवीन ठेवलेल्या बाईला ती सांगत होती, माडीवरचा म्हातारा आला की भाव अर्धा लावायचा, आणि जास्त तोलायचं, पण त्याला कळू द्यायचं नाही. बिचाऱ्याला मुलांनी घराबाहेर काढलंय.”

“कोणाच्या मुलांनी?”

“तुमच्या.”

“मला मुलं आहेत कुठे?”

“नाहीत. तरी त्यांनी तुम्हाला बाहेर काढलंय. आणि तुमच्या खिशात कधी एक नाणं नसतं, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणे. रोज काढून दाखवतो, म्हणाली, काळीज तुटतं.”

साहेब हसले. मग ताई हसत नाहीत हे पाहून थांबले.

“अहो, आपण या गल्लीत भिकारी आहोत. तो न्हावी फुकट हजामत करतो ती धर्म म्हणून. बटाटे धर्माचे. कोट धर्माचा.”

“तो कोट व्यापारी भेट होता!”

“कोपरावर ठिगळ लावलेली व्यापारी भेट कोण देतं?”

साहेबांनी खुंटीवरच्या कोटाकडे पाहिले. ठिगळ सुबक होते, पण होते.

“हे बघ,” ते सावरून म्हणाले, कारण वाद म्हटला की त्यांना हुशारी येई. “मी गरीब आहे असं मी एकदा तरी म्हटलं का? नाही. मी खिसा दाखवला. खिसा रिकामा होता. यात असत्य कुठे आहे?”

“मग उजवा दाखवायचा होता.”

“अगं, डावा खिसा ही एक रीत आहे! समोरच्यानं त्यावर आपलं रडगाणं गायचं असतं. गायलं नाही तर तो त्याचा अडाणीपणा.”

“त्यांना कुणी सांगितलं होतं ही रीत आहे म्हणून? त्यांनी तुमचं खरं मानलं. आणि खाली घरमालकीण चादरींचे ढीग घेऊन बसलेली असते ना?”

“मोठं कुटुंब असेल तिचं.”

“एकटी आहे ती. आपलं अर्धं भाडं बुडतं म्हणून रोज दुपारी हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते. या वयात. हेही आजच कळलं.”

 दुपारी खालून येणारा तो गरम कापडाचा वास साहेबांना आवडत असे, एवढेच त्यांना आठवले.

“पुढल्या आठवड्यात भाऊ येतोय,” ताई उठत म्हणाल्या. “त्याच्या आधी हे निस्तरा. मी कोणाच्या दयेवर एक दिवस राहणार नाही. निस्तरलं नाहीत, तर मी त्याच्याबरोबर परत जाते. तुम्ही या नाही तर राहा.”

“मग तूच सांग ना त्यांना. तुला भाषा येते.”

“खिसा तुम्ही काढलात. आत तुम्हीच घाला.”

परत जाणे म्हणजे काय, हे साहेब पुरते जाणून होते. पेन्शनच्या आणि महागाईच्या जिन्याची गोष्ट एक. पण मेव्हणा त्यांच्या तिरडीपर्यंत त्या सेलमधल्या शर्टाची आठवण काढणार, ही दुसरी. आणि ताई परत गेल्या तर इथे राणीवाचून राजा काय करणार, ही तिसरी, जी त्यांनी स्वतःशीही मोठ्याने म्हटली नाही. ते त्याच दिवशी कामाला लागले.

पहिला उपाय त्यांनी असा योजला की, आपली सांपत्तिक स्थिती पोशाखातून प्रकट करावी. निरोपसमारंभासाठी शिवलेला राखी रंगाचा सूट पेटीतून निघाला, टाय निघाला, बुटांना पॉलिश झाले, आणि साहेब भर सकाळी गल्ली उतरले. न्हावी दुकानातून धावत बाहेर आला. त्याने साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिले, डोळ्यांत पाणी आणले, हाताला धरून खुर्चीत बसवले, गुळगुळीत दाढी केली, अत्तर फवारले आणि दोन्ही मुठी वर करून काहीतरी उत्तेजनपर बोलला. सज्जातून पाहणाऱ्या ताईंनी ते संध्याकाळी समजावून सांगितले: म्हातारा या वयात नोकरी मागायला निघाला आहे, अशी गल्लीत बातमी होती, आणि खालच्या पाववाल्याने त्यांच्यासाठी पहारेकऱ्याच्या जागेची चौकशीही केली होती.

दुसरा उपाय पूर्ण भाव देण्याचा. भाजीवालीने अर्धा आकडा सांगताच साहेबांनी पाटीवर लिहिलेला पूर्ण भाव मोजून गल्ल्यावर ठेवला. तिने निम्मी नाणी परत सरकवली. साहेबांनी पुन्हा पुढे केली. तिने पुन्हा मागे. कोबीच्या दोन्ही बाजूंनी ही नाणी बराच वेळ जात-येत राहिली, आणि साहेबांच्या मनात एक विलक्षण खंत दाटून आली: आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना खरा प्रतिकार करत होते, आणि तोही उलट्या दिशेने. अखेर ती नाणी तिने त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात कोंबली आणि खिसा थोपटला. स्वाभिमानी आहे बिचारा, असे ती म्हणाल्याचे ताईंकडून कळले.

तिसऱ्या खेपेस ते पूर्ण भाडे घेऊन घरमालकिणीकडे गेले. ती इस्त्री करत होती. तिने नोटा पाहिल्या आणि इस्त्री उभी केली. मग ती साहेबांना बाजूला सारून तरातरा जिना चढली, भांडी घासत असलेल्या ताईंचा ओला हात हातात घेतला आणि मनगटाकडे पाहिले. घड्याळ ताईंनी भांडी घासायची म्हणून काढून ठेवले होते. घरमालकीण जिन्यातच साहेबांवर अशी काही बरसली की, एकही शब्द न कळता साहेबांना सारे कळले. बायकोचे घड्याळ विकून भाडे भरणारा नवरा तिला पसंत नव्हता. नोटा तिने त्यांच्या हातात परत कोंबल्या.

“अगं, तिला घड्याळ दाखव ना!”

“दाखवते,” ताई म्हणाल्या. पण त्या हसू आवरण्यासाठी आत गेल्या होत्या, आणि बाहेर आल्या तोवर घरमालकीण खाली निघून गेली होती.

याच अवस्थेत मेव्हणा येऊन ठेपला. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. तीतून दोन भल्या मोठ्या बॅगा, गळ्यात कॅमेरा, दहांपैकी सहा बोटांत अंगठ्या आणि सर्वांच्या पुढे पोट, अशा क्रमाने तो उतरला. “ताई!” म्हणून त्याने वर पाहून आरोळी ठोकली. साऱ्या गल्लीने मान वळवली. ताई सज्जातून ओरडल्या, “आलास रे भाऊ!” तोच शब्द त्या भाषेत त्यांनी आठवडाभर घरमालकिणीपाशी वापरला होता, माझा भाऊ येणार आहे म्हणून. तेव्हा हा पाहुणा कोण, हे गल्लीला त्याच्या रूपावरून आणि ताईंच्या चेहऱ्यावरून तत्काळ उमगले.

मेव्हणा माडीवर पोचून घाम पुसतो न पुसतो तोच जिन्यावर पावले वाजली. पुढे घरमालकीण, मागे भाजीवाली, तिच्या मागे खांद्यावर टॉवेल तसाच असलेला न्हावी. घरमालकीण खोलीच्या मध्यभागी उभी राहिली, मेव्हण्याकडे बोट रोखले आणि बोलू लागली.

“काय म्हणतात?” मेव्हणा आनंदाने म्हणाला. “स्वागत वगैरे?”

“मी जोडून देते,” ताई म्हणाल्या. एक्स्चेंजमध्ये त्यांचा लौकिक होता की, त्या दोन माणसांना जोडून देत आणि मध्ये स्वतःचे अक्षर घालीत नसत. “त्या विचारतायत, तू हिचा सख्खा भाऊ ना?”

“हो!”

“मग तुला लाज नाही का वाटत? असं विचारतायत.”

मेव्हण्याच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी थिजले.

“तुझ्या बोटांत सहा अंगठ्या आहेत, त्या म्हणतात. आणि तुझी बहीण वर्षभर आमच्या बटाट्यांवर जगतेय. तुझ्या पोटाकडे बघ, असं त्या मागे उभ्या आहेत त्या म्हणाल्या. आणि न्हावी म्हणतो, तुझे भाऊजी एवढे सभ्य गृहस्थ, या वयात सूट घालून पहारेकऱ्याची नोकरी शोधतायत, आणि तू कॅमेरा घेऊन आलास.”

 साहेब डोळे मिटून हास्याच्या गडगडाटाची वाट पाहू लागले. तो झाला की आपण संपलो, हे त्यांना ठाऊक होते. गडगडाट झाला नाही. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा मेव्हणा खुंटीवरच्या ठिगळाच्या कोटाकडे आणि कोपऱ्यातल्या बटाट्यांच्या थैलीकडे आळीपाळीने पाहत होता.

“ताई,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “खरं आहे हे?”

“मी फक्त जोडून देते,” ताई म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे पाहिले.

मेव्हण्याने खिशातून पाकीट काढले. नोटांचा सगळा गठ्ठा त्याने साहेबांच्या हातात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाला, “भाऊजी, मी आपला चेष्टा करायचो. मला काय कल्पना हो. ठेवा हे. ताईला कळू देऊ नका.” ताई जेमतेम दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

जन्मभर मेव्हण्याची थट्टा साहेबांनी पचवली होती. त्याची कणव मात्र त्यांना घटकाभरही पचेना. शिवाय मोह समोर उभा होता: गप्प राहिले तर अपराधी मेव्हणा ठरणार, गल्ली आपल्या बाजूने राहणार, भाव अर्धेच राहणार. खाली, दाराशी, इस्त्री केलेल्या चादरींची गाठोडी हॉटेलच्या गाडीची वाट पाहत होती. ती त्यांनी सकाळीच पाहिली होती.

“पाकीट ठेव ते!” साहेब ओरडले. “मी गरीब नाही!”

“असू दे भाऊजी. सगळे असंच म्हणतात.”

“अरे, गरीब नाही म्हणतो ना! ते माझं नेहमीचं होतं. डावा खिसा!”

मेव्हण्याने त्यांच्याकडे टक लावून पाहिले. बहिणीच्या लग्नापासून तो डावा खिसा त्याच्या ओळखीचा होता.

“इथे? इथे तुम्ही डावा खिसा काढलात?” त्याच्या पोटात हसू हलू लागले. “आणि यांनी तो मानला?”

“मानला. आता यांना कळणार कसं? सांगून पटत नाही. तेव्हा दाखवायला हवं. तो कोट घे. मला विक.”

“मी?”

“तू विमा विकतोस ना? मग कोट विक! हवी ती किंमत सांग.”

मेव्हण्याने कोट खुंटीवरून काढला, झटकला आणि, एकदा धंद्यावर आल्यावर त्यालाही राहवेना, असा काही आकडा सांगितला की भाजीवालीने तोंडावर हात ठेवला. ताईंनी तो जोडून दिला. साहेबांनी मौन धरले, छताकडे पाहिले, सुस्कारा सोडला, डावा खिसा ओढून बाहेर काढला. भाजीवालीचे डोळे पाणावले.

“अहो, मी काय खाऊ मग?” मेव्हणा कळवळून म्हणाला आणि त्याने सहा अंगठ्यांच्या हातांनी स्वतःचेही दोन्ही खिसे उलटे काढले. “घरी बायको खाटेवर आहे!”

“तुझी बायको सकाळी बाजारातून फोन करून विचारत होती, तू पोचलास का म्हणून!”

“ती खाटेवरूनच करत होती! हे ठिगळ बघा, हातशिलाई आहे. ठिगळाचेच वेगळे पडतात.”

“ठिगळाचे कापून दे. मी चाललो,” म्हणत साहेब दारापर्यंत गेले.

“या, या, साहेब, परत या, असं काय करता!”

ताई एकेक वाक्य, स्वर न बदलता, त्या तिघांना जोडून देत होत्या. सर्वांत आधी न्हाव्याला उमगले. हा अंगठ्यांनी मढलेला मनुष्य भुकेने मरतो आहे, असे तो मनुष्यच सांगत होता आणि समोरचा ते मुळीच मानत नव्हता; उलट दोघांच्याही चेहऱ्यावर लहान मुलासारखे सुख होते. न्हाव्याने टॉवेल तोंडात कोंबला आणि तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग भाजीवालीला कळले. तिला हसावे की कोबी फेकून मारावा हे ठरेना. शेवटी सौदा झाला, कोट साहेबांनी विकत घेतला, आणि उजव्या खिशातले फुगलेले पाकीट काढून त्यांनी ते घरमालकिणीपुढे टेबलावर उघडे ठेवले.

घरमालकीण हसली नाही. तिने पाकिटात डोकावून पाहिले. मग ताईंना एक प्रश्न विचारला.

“विचारतायत, हे तुमच्याकडे सगळेच करतात का?”

“सगळे करतात,” साहेब मान खाली घालून म्हणाले. “पण तिकडे समोरच्याला ठाऊक असतं. इथे ठाऊक नाही, हे मी बघायला हवं होतं. सांग त्यांना, चुकलं.”

ताईंनी सांगितले. घरमालकिणीने चष्मा सारखा केला आणि वर्षभराच्या राहिलेल्या भाड्याचा आकडा तोंडी हिशेब करून उच्चारला. आकडा साहेबांना दुभाष्याशिवाय कळला. त्यांची छाती सवयीने भरून आली, मान आपोआप छताकडे वळू लागली. ताई किंचित खोकल्या. छातीत भरलेली हवा त्यांनी आवाज न करता बाहेर सोडली आणि तोच आकडा, आयुष्यात पहिल्यांदा, समोरच्याने सांगितला तसाच्या तसा उच्चारला. भाजीवालीचेही द्यायचे ठरले. न्हाव्याने हजामतींचे पैसे नको, पण तो कोट परत हवा म्हटले, कारण कोट त्याचाच होता.

“बरं भाऊजी,” मेव्हणा डोळे पुसत म्हणाला, आणि त्याचा मूळ स्वभाव परत आलेला पाहून साहेबांना हायसे वाटले, “पूर्ण भाव दिल्यावर हा देश स्वस्त उरतो का?”

“उरतो. थोडा.”

“किती थोडा?”

“तू दरवर्षी जेवायला आला नाहीस, तर उरतो एवढा.”

“ताई, मग मी भाडेकरूला काय सांगू? ठेवू की काढू?”

साहेबांनी टेबलाची कड धरली. या उत्तरावर घासाघीस चालणार नव्हती, आणि त्यांच्या जिभेवर तर मुद्दे रांगेत उभे होते. त्यांनी जीभ दातांखाली धरली. ताईंनी खोलीभर पाहिले: या वयात जिना चढून आलेली घरमालकीण, मिटू न शकणाऱ्या तोंडावर हात धरलेली भाजीवाली, पायरीवर बसलेला न्हावी.

“ठेव,” त्या म्हणाल्या. “तिकडे इतकी वर्षं एका मजल्यावर राहिलो, माझ्यासाठी तुझ्याशी भांडायला कोणी एक जिना चढलं नव्हतं. मी राहते इथे. पूर्ण भाड्यानं. आणि बाजार उद्यापासून मी करणार.”

घरमालकिणीने विचारले, बहीणभाऊ काय बोलले. ताईंनी तेही जोडून दिले. म्हातारीने तेव्हा साहेबांना, उलट्या खिशासकट, वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि जाता जाता दाराशी थांबून एकच वाक्य बोलली. ते ताईंनी अक्षर न बदलता सांगितले:

“हा माणूस गरीब नाही. याला काम नाही.”